डाव्या हाताची नाडी

तोंडली कुणासाठी थांबत नाहीत. तिसऱ्या दिवशी खुडली नाहीत तर चौथ्या दिवशी जाड होतात, पाचव्या दिवशी आतून लाल होतात, आणि मग मार्केटातला दलाल टोपलीतलं एक फोडून बघतो आणि अख्खी टोपली पायाने मागे सारतो. छाणीच्या शिवारात मांडव घातलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. कौशल्येला तर पाठच होतं. म्हणून त्या चैत्रात तिचा डावा हात पहिल्यांदा मेला, तेव्हा ती कुणाजवळ काही बोलली नाही.

मेला म्हणजे अगदी मेलाच. मांडवाखाली उभं राहायचं, डावा हात डोक्यावर नेऊन वेल वाकवून धरायची आणि उजव्याने तोंडलं देठाशी खुडायचं. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं ती हेच करत होती. आता दहा-बारा तोंडली झाली की डाव्या दंडात गोळा यायचा, मग हात जड व्हायचा, मग तो तिचा राहायचाच नाही. खाली सोडला की दोन मिनिटांनी परत यायचा. वर बघत राहिली की हिरवा मांडव गोल फिरायचा. ती खांबाला पाठ टेकून डोळे मिटायची आणि पावलं वाजली की लगेच हात वर करायची.

सासूच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. कमळाबाईंच्या सासऱ्यांचे वडील गायकवाडांच्या पागेत होते. पागा गेली, घोडे गेले, संस्थानही गेलं. चार वीघे जमीन आणि कमळाबाईंचा आवाज तेवढा मागे उरला.

"तीन टोपल्या हंबीरच्या, दोन माझ्या, आणि तुझी एक? तीपण अर्धी?" त्या म्हणाल्या. "साठीची मी. माझा हात वर राहतो आणि तुझा नाही राहत?"

"हात भरून येतो, आत्याबाई."

"सगळ्यांचाच येतो. मांडव आहे तो, पाळणा नाही."

तिचा नवरा हंबीरराव पलीकडच्या ओळीत खुडत होता. त्याने ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. वाईट माणूस नव्हता तो. पण आई आणि बायको यांच्या मधे उभं राहायची वेळ आली की त्याला नेमकं पाटाचं पाणी आठवायचं. तसाच तो गेला.

वैशाखात ताप धरला. बारीकसा, संध्याकाळचा. कौशल्येचे गाल बसले, मान दुखू लागली आणि डोक्याच्या मागच्या बाजूला कुणी मोगरी आपटतंय असं वाटू लागलं. एके दिवशी ती भाकरी थापता थापता बाजूला कलंडली. तेव्हा कुठे कमळाबाई म्हणाल्या, "चाल. शास्त्रीबुवांना दाखवू."

दत्तात्रेयशास्त्री शहरात, वाडी नावाच्या वस्तीत राहायचे. जुन्या शहरातली ती अरुंद गल्ली, ओसरीवर सतरंजी, भिंतीशी काढ्यांच्या बरण्या. चाळीस वर्षं त्यांनी मराठी घरांच्या नाड्या पाहिल्या होत्या. पैशाचा लोभ नव्हता, स्वभाव सरळ, औषधाला गुण. एकच गोष्ट जास्त होती त्यांच्याकडे, ती म्हणजे मान. माणसाला पैसा सोडवतो, पण मान सोडवत नाही.

पुरुषाची उजव्या हाताची नाडी बघायची, बाईची डाव्या हाताची. हे कुणी कुणाला सांगायचं नसतं. कौशल्या समोर बसली आणि तिने डावा हात पुढे केला.

शास्त्रीबुवांनी तीन बोटं मनगटावर ठेवली. डोळे मिटले. गल्लीतून एक हातगाडी गेली. त्यांनी बोटं जरा वर सरकवली. मग जरा खाली. मग दाबली. कमळाबाई देवासमोर बसाव्या तशा हात जोडून बसल्या होत्या. कौशल्या मात्र बुवांचा चेहरा बघत होती. त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. मग त्यांनी एकदम डोळे उघडले.

"क्षीण आहे," ते म्हणाले. "फार क्षीण. रक्ताला वेगच नाही."

"मग हो?" कमळाबाई.

"उन्हाळा. काम. घाम जातो, अंगातलं मीठ जातं. लिंबू-साखरेच्या पाण्यात मीठ घालून चार वेळा द्या. चांगलं चव लागेल इतकं, नुसतं चिमूटभर नको. ताकातही मीठ, जेवणात वरून मीठ. हे चूर्ण देतो. महिन्यात नाडी वर येईल."

कौशल्येने हात मागे घेतला. तिच्या मनात आलं, बुवांना नाडी सापडली कधी? पण असं कोण विचारतं?

कमळाबाईंनी मात्र ते औषध पागेच्या शिस्तीने सुरू केलं. घोड्यांच्या चंदीच्या जशा वेळा, तशा सरबताच्या वेळा. उठल्यावर एक पितळी पेला, मांडवातून आल्यावर एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. पेला रिकामा होईपर्यंत त्या समोर उभ्या राहायच्या.

"मीठ घेतलं की डोकं जास्त ठणकतं, आत्याबाई," कौशल्या एकदा म्हणाली.

"औषध आहे ते, पेढा नाही. आणि मिठाला नावं ठेवू नको. आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं."

मांडवाला मात्र कुणाची दया नव्हती. तिसरा दिवस आला की पहाटे टोपल्या घेऊन उभं राहायचं. लू वाहायला लागायच्या आत खुडून, निवडून, ओला गोणपाट टाकून टोपल्या नाक्यावर टेम्पोत चढवायच्या. कौशल्येने एक युक्ती काढली होती. डावा हात वर न्यायचाच नाही. उजव्यानेच वेल ओढायची, दातात धरायची आणि उजव्यानेच खुडायचं. वेलीचा तुरट चीक ओठांना लागून ओठ काळे पडले. शेजारच्या शेतातल्या बायकांनी ते बघितलं आणि हसल्या. हंबीररावानेही बघितलं. तो हसला नाही, पण बोललाही नाही.

पंधरा दिवस झाले. डोक्यातली मोगरी दिवसा थांबेना. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले. छाणीच्या नाक्यावर एक गुजराती कंपाउंडर प्रेशर मोजायचा; हंबीररावाने तिला तिथे नेलं. कंपाउंडरने पट्टा उचलला, तिने सवयीने डावा हात पुढे केला. त्याने फुगा दाबला, नळी कानाला लावली, पुन्हा दाबला, यंत्रावर टिचकी मारली.

"प्रेशर बहु लो छे, बेन," तो म्हणाला. "मीठुं वधारे लो."

संपलं. आता वैद्यही म्हणाला आणि यंत्रही म्हणालं. घरी आल्यावर चार पेल्यांचे सहा झाले, त्यातला एक मांडवातच.

आपल्या अंगात काय होतंय हे कौशल्येला कळत होतं. पेला प्यायला की अर्ध्या घटकेत कानात घूं घूं सुरू व्हायचं, मान दगडाची व्हायची आणि छातीत कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखं व्हायचं. हे औषध आपल्याला मारतंय, असं तिला मनोमन वाटायचं. पण सांगणार कुणाला? शिकलेल्या माणसांची बोटं एका बाजूला आणि सातवी शिकलेल्या सुनेचं डोकं दुसऱ्या बाजूला. तिला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर मरायची भीती वाटत होती. सव्वीस वर्षांच्या बाईला मरायचं नसतं.

मग तिने चोरी सुरू केली. मांडवातला पेला घेऊन ती शेवटच्या ओळीत जायची, पाठ करून उभी राहायची आणि सरबत कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी ओतायची. त्या आठवड्यात तिचं डोकं जरा हलकं झालं. दोन रात्री झोपसुद्धा लागली.

पण वेलीला चोरी लपवता येत नाही. कोपऱ्यातली वेल आधी कडेने पिवळी पडली, मग पानं करपली, मग फळं सुरकुतली. कमळाबाईंना वाटलं, कीड. त्या खाली बसल्या, बुडाची माती बोटांवर घेतली. माती पांढरी होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. म्हातारीने ती माती जिभेला लावून बघितली.

दुपारी ओसरीवर शेजारच्या दोन बायका वाल निवडत बसल्या होत्या. कमळाबाई आल्या आणि करपलेली वेल त्यांनी सगळ्यांसमोर कौशल्येच्या पायाशी टाकली.

"ही बघा आमची सून. औषध वेलीला पाजते. वेल मेली, ही जिवंत."

"आत्याबाई, त्याने मला..."

"काम टाळायला आजार हवा, एटले बरी व्हायचंच नाही! आता नाटक बस झालं. पी."

पेला भरून आला. त्यात मीठ इतकं, की तळाशी दिसत होतं. शेजारणी वालाच्या शेंगांकडे बघायला लागल्या. कौशल्येने नवऱ्याकडे बघितलं. हंबीरराव टोपलीची सुटलेली काडी गुंफत होता.

"पी ना," तो खाली बघूनच म्हणाला. "आई भल्यासाठीच सांगते."

तिने तो पेला प्यायला. उलटी आली, ती तिने गिळली. त्या दिवसापासून कमळाबाई मांडवातही तिच्यासमोर उभ्या राहू लागल्या.

ज्येष्ठ लागला. वटपौर्णिमेला चार दिवस होते. कासारीण प्रेमलाबाई बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन छाणीत आली. मराठी घरं मोजकी. ती बरोब्बर हुडकून यायची. बडबडी बाई, पण हात लोण्याचा. तीस वर्षांत तिने एकाही बाईच्या मनगटाला काच लागू दिली नव्हती.

"ये गं सूनबाई. हिरव्या की चटणी रंगाच्या?"

"हिरव्याच," कमळाबाई म्हणाल्या.

प्रेमलाबाईने उजवा हात घेतला. अंगठ्याचं बूड दाबलं, बोटं गोळा केली, सव्वादोनची बांगडी फिरवत फिरवत चढवली. सात झाल्या. मग डावा घेतला. बांगडी सरकन कोपरापर्यंत गेली.

"अगो!" ती म्हणाली. "हा हात बारीक झालाय तुझा." मग तिने बांगडी काढायचं सोडून तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. "आणि गार कसा? बाहेर आग पडलीय आणि हा हात माठासारखा."

तिने पुन्हा उजवा धरला, पुन्हा डावा. तिची बडबड थांबली. प्रेमलाबाई गप्प झाली हीच मोठी गोष्ट होती.

"काय झालं?" कौशल्येने विचारलं.

"बांगडी भरताना आमचा अंगठा इथे मनगटावर असतो," ती हळू म्हणाली. "अंगठ्याखाली टुकटुक लागते. नव्या नवरीची पळते, म्हातारीची रमतगमत जाते, पण लागते. सगळ्यांची लागते. या उजव्या हाताची तर अशी उडते की माझा अंगठा उचलला जातो. आणि या हातात..." तिने मान हलवली. "या हातात काहीच नाही गं."

"शास्त्रीबुवांनी नाडी बघितलीय," कमळाबाई म्हणाल्या. "क्षीण आहे. औषध चालू आहे."

"कुठल्या हाताची बघितली?"

"बाईची कुठली बघतात? डावी."

"मग उजवी दाखवा त्यांना."

"तू बांगड्या भर, प्रेमला. वैद्यकी नको शिकवू."

प्रेमलाबाईने बांगड्या भरल्या. पण जाताना ती गोठ्यामागे वळली. तिथे हंबीरराव गोणपाट भिजवत होता. ती त्याला म्हणाली, "बापू, मी अडाणी बाई आहे. पण बायकांचे हात मी रोज धरते. तू तुझ्या बायकोचे दोन्ही हात एकदा धरून बघ. एकदाच. मग तुला वाटेल ते कर."

त्या संध्याकाळी हंबीररावाने चूल विझल्यावर बायकोचे हात मागितले. लाजेनेच मागितले. कौशल्येने दोन्ही पुढे केले. त्याने डाव्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला. मग उजव्यावर ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"चैत्रापासून सांगतेय."

"उद्या शास्त्रीबुवांकडे जाऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खुडणीची पाळी होती. "आधी टोपल्या भरू, त्याच टेम्पोने शहरात जाऊ," असं ठरलं. कौशल्या मांडवाखाली शिरली. चौथं की पाचवं तोंडलं खुडताना तिने वर बघितलं आणि मांडव दिसेनासा झाला. अंधार नव्हे, नुसतं काहीच नाही. तिने हात चाचपडत खांब धरला.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मला दिसत नाही."

कमळाबाई धावत आल्या, हातात पेला घेऊन. "चक्कर आली, दुसरं काय. घे, घोट घे."

हंबीररावाने आईच्या हातातून पेला घेतला आणि जमिनीवर उपडा केला. तीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आईच्या मनाविरुद्ध केलेली ही पहिली गोष्ट. मग त्याने भरलेल्या टोपल्या होत्या तिथेच सोडल्या, बायकोला उचललं आणि नाक्याकडे चालू लागला. "हंबीर, माल उन्हात लाल होईल!" कमळाबाई ओरडल्या. तो थांबला नाही. मग म्हातारीही डोक्यावरून पदर घेऊन मागोमाग निघाली.

टेम्पोत गोण्यांवर बसून ते वाडीत पोचेपर्यंत कौशल्येला धुरकट दिसायला लागलं होतं. शास्त्रीबुवांची पूजा नुकतीच आटोपली होती. ती समोर बसली आणि सवयीने डावाच हात पुढे झाला. हंबीररावाने तो मागे घेतला आणि उजवा पुढे केला.

"हे काय?" शास्त्रीबुवा म्हणाले.

"ही बघा."

"बाईची डावी बघतात. तू मला शास्त्र शिकवतोस?"

"नाही, बुवा. पण ही बघा."

"हंबीरराव, तुझ्या आजोबांपासून मी तुमच्या घरच्या..."

"बुवा, पाया पडतो. ही बघा!" तो ओरडला. गल्लीतली माणसं ओसरीकडे वळून बघायला लागली.

शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला. रागारागाने त्यांनी तीन बोटं उजव्या मनगटावर ठेवली. आणि त्यांचा राग बघता बघता उतरला. त्यांनी बोटं उचलली नाहीत. मग दुसरा हात पुढे करून डावं मनगटही धरलं. दोन्ही हात धरून म्हातारा बसून राहिला. एका हातात घण पडत होते आणि दुसऱ्यात स्मशानशांतता होती.

"किती मीठ दिलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेवढं. वर दोन पेले जास्त," कमळाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला घोडेस्वार कुठे गेला होता कोण जाणे.

शास्त्रीबुवा उठले. खुंटीवरचा कोट घातला, टोपी घालायची विसरले. "रिक्षा बोलाव," ते हंबीररावाला म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात. मी येतो."

"तुम्ही कशाला, बुवा?"

"चूक कुणी केली हे तिथे सांगायला कुणी नको का?"

सरकारी दवाखान्यातली ती भली मोठी रांग. चाळीस वर्षं ज्यांच्या ओसरीवर माणसं रांगेत बसली, ते शास्त्रीबुवा रांगेत उभे राहिले. डॉक्टरीण तरुण होती. निरुपमाबाई, मराठीच, अलकापुरीकडे राहणारी. तिने काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "मी वैद्य आहे. हिच्या डाव्या हातात नाडी नाही. उजव्यात उसळते आहे. महिनाभर मी हिला मीठ खायला घातलं."

निरुपमाबाईने त्यांच्याकडे एकवार बघितलं आणि पट्टा उचलला. डावा हात: काही ऐकू आलं नाही. उजवा हात: पारा चढत गेला, चढत गेला, आणि तिने शेजारच्या नर्सला इंग्रजीत काहीतरी भराभर सांगितलं. मग नळी मानेवर ठेवली, गळ्याखालच्या हाडावर ठेवली, पोटावर ठेवली. कौशल्येला लगेच खाटेवर निजवलं, सुई टोचली.

"मरणार का मी?" कौशल्येने विचारलं. महिनाभर मनात असलेला प्रश्न होता, तो सरळच आला.

"आज नाही," निरुपमाबाई म्हणाली. "आणि औषध घेतलंत, भेटत राहिलात, तर लवकर नाहीच. पण अजून आठवडाभर ते मीठ चाललं असतं, तर मेंदूतली नस फुटली असती."

कमळाबाई भिंतीशी जाऊन बसल्या.

तपासण्यांत आठ दिवस गेले. फोटो काढले, रक्त काढलं. मग एका सकाळी निरुपमाबाईने खाटेशी बसून सगळ्यांना समजावलं. रोगाचं नाव जपानी होतं, ताकायासु. कमळाबाईंनी ते तीनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "क्वचित होतो, पण होतो तो बहुतेक तरुण बायकांनाच," ती म्हणाली. "बाहेरून जंतू आला तर मारायला आपल्या अंगात शिपाई असतात. हिच्या अंगातले शिपाई हिच्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर उलटलेत. आतून सूज, वाट अरुंद. डाव्या हाताची वाट बंदच झालीय, म्हणून नाडी नाही. मूत्रपिंडाची वाट आवळलीय, म्हणून बाकीच्या अंगात दाब भयंकर. जिथे मोजला तिथे नव्हता, आणि जिथे होता तिथे कुणी मोजला नाही."

"फितूर झाले म्हणा शिपाई," कमळाबाई म्हणाल्या.

"फितूर नाही, आजी. ओळख चुकली त्यांची. घरचं माणूस शत्रू वाटलं."

कमळाबाई पदराने डोळे पुसत सुनेच्या खाटेची चादर उगाचच नीट करायला लागल्या. "मी तुला सगळ्यांसमोर पाजलं," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतीस आणि मी पाजलं."

कौशल्येने "असू दे" म्हटलं नाही. तिला ते म्हणावंसं वाटेना. तिने फक्त चादर ओढणारा तो हात धरला आणि सोडला नाही.

"हात वर करायचं काम बंद," निरुपमाबाई म्हणाली. "गोळ्या कायमच्या. मीठ नावाला."

"मांडव उतरवतो," हंबीरराव म्हणाला. "छातीएवढा करतो."

"छातीएवढा?" कमळाबाईंचा जुना आवाज क्षणभर परत आला. "खाली वारा कसा खेळेल? वाकून वाकून तू मरशील."

"वाकेन," तो म्हणाला.

त्याच दुपारी निरुपमाबाई पुन्हा आली, जरा अवघडून. "एक विचारू? नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. इथे शिकणारी मुलं आहेत. अशी नाडी त्यांना पुन्हा कधी बघायला मिळेल सांगता येत नाही. आत्ता शिकली, तर उद्या कुठल्यातरी गावात एखादी बाई वाचेल."

"परकी पोरं सुनेचा हात धरणार?" कमळाबाई म्हणाल्या.

कौशल्या उठून बसली. पदर नीट केला. हातातल्या हिरव्या बांगड्या मागे सारल्या. डाव्या हातातल्या आपोआप कोपराशी गेल्या.

"बोलवा," ती म्हणाली.

सहा-सात मुलं आली, पांढरे कोट घातलेली. शास्त्रीबुवा रोजच्यासारखे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्या आठ दिवसांत ते एकदाही चुकले नव्हते. निरुपमाबाईने मुलांना काहीच सांगितलं नाही. "नाडी बघा," एवढंच म्हणाली.

पहिला मुलगा उंच, चष्मा लावलेला. कौशल्येने डावा हात पुढे केला. त्याने तीन बोटं ठेवली. वर सरकवली. खाली सरकवली. दाबली. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. कौशल्येने तो घाम ओळखला.

"आहे, मॅडम," मुलगा म्हणाला. "बारीक आहे. पण आहे."

कोपऱ्यातलं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. शास्त्रीबुवा उभे राहिले होते.

"बाळ," ते म्हणाले, "मीसुद्धा हेच म्हणालो होतो. जिवंत बाईला नाडी नाही, असं म्हणायची मला लाज वाटली."

मुलाचे कान लाल झाले. त्याने हात मागे घेतला. कौशल्येने तो तसा जाऊ दिला नाही. तिने डावा हात आणखी पुढे केला, थेट त्याच्या बोटांखाली.

"भाऊ, लागत नसेल तर नाही म्हणा," ती म्हणाली. "घाबरू नका. मी जिवंत आहे."

त्याने पुन्हा बोटं ठेवली. या वेळी डोळे मिटले नाहीत. एक मिनिट गेलं.

"नाही," तो म्हणाला. "नाडी लागत नाही."

"हं," कौशल्या म्हणाली, आणि तिने उजवा हात पुढे केला. "आता हा बघा."